घाटात लागणारा लाइट: पी०१७१ चं एक प्रकरण

गाडी सात सीटर, २०१८ चं पेट्रोल मॉडेल, बीएस-४. बाहेरून बसवलेलं सीक्वेन्शियल सीएनजी किट. मालक मामा स्वतःच चालवतात. भाडी बहुतेक कोकणातली, गगनबावड्यावरून खाली वैभववाडी, कणकवली, मालवण. तक्रार अशी की परतीला करूळ घाट चढताना चेक इंजिनचा पिवळा लाइट लागतो, पिकअप मरतं, कधीकधी झटके बसतात. गगनबावडा ओलांडून गाडी सपाटीला लागली की दुखणं गायब. कोल्हापुरात फिरताना तर कसलीच कुरकुर नाही.

उद्यमनगरात आमच्याकडे यायच्या आधी ही गाडी दुसऱ्या एका गॅरेजला होऊन आली होती. तिथं स्कॅनर लावला, पी०१७१ हा बिघाडाचा कोड आला, ऑक्सिजन सेन्सर बदलला, कोड उडवला (म्हणजे स्कॅनरने पुसून टाकला). पुढच्या कोकण फेऱ्यांत लाइट परत. मग प्लग बदलले, कोड परत उडवला. लाइट परत हजर.

"सेन्सर नवा, प्लग नवं, तरी ह्यो लाइट काय पाठ सोडंना," मामा म्हणाले. "तुमचं ते डबडं खोटं तर बोलत नसंल?"

डबडं खरंच बोलत होतं. फक्त ते जे बोललं त्याचा अर्थ 'हा सेन्सर बदला' असा नव्हता.

कोडची मांडणी माहीत असली की निम्मा घोळ तिथंच मिटतो. पहिलं अक्षर गाडीचा भाग सांगतं. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चासी (एबीएस, स्टिअरिंग वगैरे), यू म्हणजे कंट्रोल युनिटांचं आपसातलं बोलणं. दुसऱ्या जागेवर शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सारखा. तिथं एक असेल तर कंपनीचा स्वतःचा, आणि मग स्कॅनरवर गाडी चुकीची निवडली तर त्याच आकड्याचं वर्णन भलतंच येतं. तिसऱ्या जागेवरचा आकडा विभाग सांगतो. १ आणि २ म्हणजे हवा-इंधन, ३ म्हणजे इग्निशन आणि मिसफायर (सिलिंडर न पेटणं), ४ म्हणजे धुराशी संबंधित यंत्रणा, ५ म्हणजे स्पीड आणि आयडल, ७ म्हणजे गिअरबॉक्स. शेवटचे दोन आकडे नेमकी कुठली तपासणी नापास झाली ते. तपासणी, पार्ट नव्हे.

पी०१७१ चं वर्णन स्क्रीनवर येतं 'सिस्टिम टू लीन, बँक १'. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनाला बँक, म्हणजे सिलिंडरांची रांग, एकच असते, तेव्हा त्या शब्दाकडे लक्ष द्यायचं कारण नाही. 'टू लीन' म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. पेट्रोल पूर्ण जळायला एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते, वजनाने. सायलेन्सरच्या पाइपातला पुढचा ऑक्सिजन सेन्सर उरलेला ऑक्सिजन बघतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळवतो. ऑक्सिजन जास्त उरतोय असं दिसलं की ईसीयू इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. ही जी टक्केवारीतली वाढ-घट, तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. क्षणाक्षणाला बदलणारा तो शॉर्ट टर्म ट्रिम. रोजच्या सवयीने ईसीयूने शिकून ठेवलेला तो लाँग टर्म. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास असावी. पाच-सात टक्के इकडंतिकडं चालतं. ही बेरीज वीस-पंचवीस टक्क्यांच्या वर जाऊ लागली की ईसीयू हात टेकतो आणि पी०१७१ लिहितो. नेमकी हद्द प्रत्येक कंपनीची वेगळी.

म्हणजे या कोडमध्ये ऑक्सिजन सेन्सर हा साक्षीदार आहे. आरोपी व्हायला त्याच्याविरुद्ध वेगळा पुरावा लागतो. आमटी अळणी आहे असं सांगणारी जीभच आधीच्या गॅरेजने बदलून टाकली होती. सेन्सरच्या आतला हीटर गेला किंवा त्याचं सर्किट तुटलं तर त्याचे वेगळे कोड आहेत, पी०१३० पासून पुढचे. त्यातला एकही इथं नव्हता.

आम्ही स्कॅन केलं तेव्हा तीन कोड निघाले. पी०१७१, पक्का. पी०३००, पेंडिंग, म्हणजे ठरावीक एका सिलिंडरचा नसलेला मिसफायर. आणि एबीएस युनिटशी संपर्क तुटल्याचा यू०१२१, जुना, आता नसलेला. यू०१२१ चं कारण विचारल्यावर लगेच कळलं. मागच्या हिवाळ्यात बॅटरी बसली होती आणि गाडी दुसऱ्या बॅटरीवर चालू केली होती. व्होल्टेज पडलं की असे कोड पावसातल्या अळंब्यांसारखे उगवतात. तो बाजूला ठेवला. पी०३०० बाजूला ठेवायचा नाही, पण त्याच्या मागेही लागायचं नाही. मिश्रण फार लीन झालं की ठिणगी बरोबर पडूनही सिलिंडर पेटत नाही. पी०१७१ सुटला तर तो आपोआप सुटेल, नाही सुटला तर मग इग्निशन कॉइल बघायची. नवे प्लग टाकून उपयोग झाला नव्हता, तेही याला धरूनच होतं.

पेंडिंग आणि पक्का यातला फरक इथं कामाचा आहे. एका फेरीत तपासणी नापास झाली तर कोड पेंडिंग राहतो, लाइट लागत नाही. पुढच्या फेरीतही नापास झाली की पक्का होतो आणि लाइट लागतो. मामांचं म्हणणं होतं की कोड उडवल्यावर 'बरेच दिवस बरं असतंय'. बरं कसं असणार? ईसीयूला दोनदा पकडायला घाटाच्या दोन फेऱ्या लागत होत्या एवढंच.

आता फ्रीझ फ्रेम. कोड उडवायचं बटण दाबायच्या आधी हे पान उघडायचं, ही आमच्याकडची पहिली सक्ती. कोड पडला त्या क्षणाचा इंजिनाचा सगळा हिशोब ईसीयू त्यात साठवतो, आणि कोड उडवला की तो हिशोबही पुसला जातो. हँडहेल्ड स्कॅनरवर त्याचा वेगळा मेनू असतो. फोनला जोडायच्या स्वस्त डोंगलवरही बहुतेक ॲपमध्ये तो दिसतो. पण लोक कोडचं वर्णन वाचून थांबतात. आमच्यासमोर जे पान उघडलं ते असं होतं:

इंजिन २९५० आरपीएम, वेग ताशी ४१ किलोमीटर, कॅल्क्युलेटेड लोड (इंजिनावरचा भार) ७८ टक्के, कूलंट ९५ अंश, क्लोज्ड लूप (म्हणजे ईसीयू सेन्सरचं ऐकून पेट्रोल ठरवतोय), शॉर्ट टर्म ट्रिम अधिक १४, लाँग टर्म अधिक १८.

दुसऱ्या गिअरमध्ये भरलेली गाडी चढावर आहे, असं हे आकडेच सांगतात. मामांची तक्रार आणि ईसीयूची नोंद एकाच जागेची. आणि इथंच पी०१७१ ची निम्मी कारणं मागे पडतात. इनटेकच्या बाजूला हवा गळत असेल, एखादा व्हॅक्यूम पाइप चिरलेला असेल, तर त्रास आयडलला जास्त होतो. थ्रॉटल बंद असताना आत ओढ सगळ्यात मोठी असते आणि एकूण हवा कमी, म्हणून चोरून आलेली थोडी हवाही मोठा फरक करते. थ्रॉटल उघडला की तीच गळती नगण्य होते. इथं उलटं होतं. आयडलला बेरीज अधिक ५, जागेवर २५०० आरपीएम ठेवल्यावर अधिक ८, आणि घाटात अधिक ३२. जेवढी मागणी जास्त तेवढी तूट जास्त. हा पेट्रोल कमी पोचण्याचा नमुना आहे. फिल्टर चोंदलेला, पंप दमलेला, किंवा इंजेक्टर अर्धे बुजलेले.

आणखी एक प्रश्न विचारायचा राहिला होता, आणि तो स्कॅनरवर सापडत नाही. घाटात गाडी कशावर असते?

"पेट्रोलवरच की," मामा म्हणाले. "जाताना गॅसवर जातो. येताना बाटला संपतोय कणकवलीतच. कोल्हापुरात दिवसभर गॅसच असतोय, पेट्रोल कोण जाळणार?"

आता सगळं जुळलं. शहरात लाइट का लागत नाही, कोड उडवल्यावर 'बरं' का वाटतं, सेन्सर बदलल्यावर आधीच्या गॅरेजला काम झालं असं का वाटलं. गाडी तिथून बाहेर पडल्यावर पेट्रोलवर चढ चढलीच नव्हती.

दोन इंधनं असलेली गाडी म्हणजे तपासणाऱ्याची चैन असते. इंजिन तेच, सेन्सर तोच, हवेचा रस्ता तोच, सायलेन्सर तोच. बदलतो फक्त इंधनाचा रस्ता. त्यामुळे एकच चढ आधी गॅसवर आणि मग पेट्रोलवर चढायचा. करूळ घाटापर्यंत जायची गरज नव्हती. केर्लीवरून जोतिबाला जाणारा रस्ता पुरेसा आहे. गाडीत चौघे बसलो, मागे वाळूची पोती टाकली. आमचा मिस्त्री गाडी चालवत होता आणि मी लाइव्ह डेटा बघत होतो. चालवणाऱ्याने स्कॅनरकडे बघायचं नाही, हा नियम. स्क्रीनवर चारच आकडे ठेवले होते: दोन ट्रिम, लोड आणि पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज. वीस आकडे एकदम लावले की स्कॅनर एकेक करून विचारत बसतो आणि प्रत्येक आकडा शिळा येतो.

गॅसवर ट्रिमची बेरीज वरपर्यंत उणे ३ ते अधिक ४ मध्ये राहिली. सेन्सर ०.१ आणि ०.९ व्होल्टच्या मध्ये झपाझप वरखाली होत होता, जसा व्हायला हवा तसा. खाली येऊन पेट्रोलवर टाकली. पहिल्या वळणाला अधिक ९, निम्म्या चढाला अधिक २०, मंदिराच्या कमानीच्या अलीकडे अधिक २७, आणि सेन्सर ०.१ ला चिकटून. गाडीने एक झटकाही दिला, पेंडिंग पी०३०० ची खातरजमा झाली.

सेन्सर सुटला. हवेची गळती सुटली. सेन्सरच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला, सायलेन्सर फुटून बाहेरची हवा आत जाणं, ही खोट्या लीनची नेहमीची वाटही सुटली, कारण तसं असतं तर गॅसवरही दिसलं असतं. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये एक फसगत मात्र होते, तीही बघून घेतली. असं किट पेट्रोलच्या ईसीयूनेच काढलेला इंजेक्टरचा वेळ घेऊन तो गॅससाठी फिरवून वापरतं. गॅसचं कॅलिब्रेशन बिघडलेलं असेल तर ईसीयू गॅसवर चुकीचा ट्रिम शिकतो आणि तोच पेट्रोलवर वापरतो. पण इथं गॅसवरचा ट्रिम साफ होता. दोष पेट्रोलच्या टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच्या वाटेवरच होता.

परत आल्यावर रेलला, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीला, प्रेशर गेज लावला. (इंजिन गार करून, रेलमधलं प्रेशर सोडून, शेजारी फायर एक्स्टिंग्विशर ठेवून. आमच्याकडे या कामाच्या वेळी कुणी विडी पेटवली तर त्याची त्या दिवसाची हजेरी जाते.) आयडलला ३.३ बार, जवळजवळ बरोबर. रेस करून धरल्यावर सुई हळूहळू २.५ पर्यंत घसरली. फिल्टर आणि पंप एकाच असेंब्लीत, टाकीच्या आत.

मिस्त्रीने निकाल देऊन टाकला. "दादा, पंप गेला. गॅसवाल्या गाड्यांचा जातोयच."

म्हणणं वाऱ्यावरचं नव्हतं. पंप पेट्रोलमध्ये बुडून गार राहतो, आणि गॅसवाले टाकीत पेट्रोल जेमतेम रिझर्व्हचा लाइट लागण्यापुरतं ठेवतात. मामांच्या गाडीतही पेट्रोलच्या मीटरवर एकच काडी होती. पण पंप हा शेवटी मोटर आहे, आणि मोटर ढिली पडलीय म्हणायच्या आधी तिला पुरती वीज मिळते का हे बघायचं. असेंब्ली महाग आहे, मल्टिमीटर शेजारीच पडलेला असतो. या गाडीचा आधीच एक सेन्सर आणि चार प्लग विनाकारण बदलून झाले होते.

मागची सीट उचलली, झाकण काढलं. कपलर (पंपाच्या वायरींचा जोड) लावलेलाच ठेवून, मागून पिना घालून, इंजिन चालू असताना मोजलं. कपलर काढून मोजलं तर काही कळत नाही. करंट वाहत नसला की गंजलेली वायरही पूर्ण बारा व्होल्ट दाखवते, आणि याच सापळ्यात बरेच जण अडकतात. बॅटरीवर १३.९ व्होल्ट. पंपाच्या दोन पिनांमध्ये १०.८. तीन व्होल्टच्या वर वाटेत कुठंतरी जिरत होते.

कुठं ते शोधायला दोन मापं पुरली. बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत ०.३ व्होल्ट. पंपाच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत २.८. बेरीज केली की हिशोब पुरा होतो. फ्यूज, रिले, प्लसची वायर सगळं ठीक. अर्थिंग, म्हणजे मायनस बॉडीला जोडणारी वाट, मेलेलं. या बाजूला ०.२ व्होल्टच्या वर गेलं तरी मी भुवया उंचावतो.

पंप आयडलला एवढ्या कमी विजेतही काम भागवत होता, कारण इंजिनाला तेव्हा पेट्रोल लागतंच किती. चढावर इंजेक्टर धडाधड उघडायला लागले की पंपाची पिचकारी कमी पडायची, प्रेशर बसायचं, मिश्रण लीन व्हायचं, ईसीयू ट्रिम वाढवत वाढवत हद्दीला जायचा, आणि लाइट.

अर्थिंगची काळी वायर धरून कार्पेटखाली गेलो. दाराच्या उंबऱ्याच्या (सिलच्या) आतल्या बाजूला बॉडीवर एका बोल्टखाली रिंग लग, म्हणजे वायरच्या टोकाचं गोल कडं. बोल्टचं डोकं तांबडं, लगच्या कडेने हिरवट-पांढरी पूड, आणि वायरचं इन्सुलेशन लगपासून बोटभर काळपट, कडक झालेलं, वाकवल्यावर चिरलं. आतली तांब्याची तार काळी पडली होती. खालच्या पत्र्यावर, कार्पेटच्या फेल्टमध्ये, वाळून चिकटलेला बारीक पिवळसर गाळ. नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला.

हा गाळ कोल्हापुरात ओळखावा लागत नाही. मामांना विचारलं. गाडी २०२१ च्या पुरात शाहूपुरीत उभी होती, पाणी पायाखालपर्यंत आलं होतं. सीटपर्यंत चढलं नाही म्हणून नुसतं धुऊन, वाळवून वापरायला काढली. इंजिनात पाणी गेलं नव्हतं, गाडी लगेच चालू झाली, मग कोण कार्पेट उचलून बघणार? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी, हे इथं शेंबड्या पोराला पाठ असतं. पण पाणी ओसरल्यावर गाडीतली अर्थिंगची ठिकाणं उघडून साफ करायची, हे काम कुणाच्याच यादीत नसतं. गंज त्या आठवड्यात दिसत नाही. तो वर्षं घेतो. जुन्या पुरातली गाडी आज विचित्र, एकमेकांशी संबंध नसलेले कोड दाखवत असेल तर मी स्कॅनर नंतर काढतो, आधी अर्थिंग बघतो.

दुरुस्ती अर्ध्या दिवसात आटोपली. वायर चांगल्या तारेपर्यंत कापली, नवा लग क्रिंप केला (दाबून बसवला), पत्रा चकाकेपर्यंत घासला, नवा बोल्ट, वरून व्हॅसलीन. कपलरमधली मायनसची पिनही तापून तपकिरी झाली होती, ती बदलली. त्याच बोल्टवर मागच्या दिव्यांचं अर्थिंगही होतं, आणि मामांचा उजवा इंडिकेटर मधूनच जलद मारायचा तोही त्यातच सुटला. त्यांनी ही तक्रार सांगितलीच नव्हती.

परत मोजलं. अर्थिंगच्या बाजूला ०.१, पंपाला १३.५. रेस करून धरलं तरी गेजची सुई ३.३ सोडेना. मग, आणि मगच, कोड उडवले. उडवण्याने शिकलेले ट्रिमही शून्यावर येतात आणि ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या, म्हणजे रेडिनेस मॉनिटर, 'अपूर्ण' दाखवायला लागतात. त्यामुळे लगेच स्कॅन करून 'कोड नाही' म्हणणं फसवं आहे. अजून परीक्षाच झालेली नसते. गाडी दोन दिवस मामांना पेट्रोलवरच चालवायला लावली. त्यावरून थोडी कुरबुर झाली, पेट्रोलचे पैसे कोण देणार म्हणून. मग तोच जोतिबाचा चढ, तेवढीच माणसं, तीच पोती. बेरीज सगळ्यात जास्त अधिक ६. पेंडिंगमध्ये काही नाही. पी०३०० ही नाही.

कोकणाच्या दोन फेऱ्या झाल्यावर मामा गाडी दाखवायला आले. लाइट नाही, पेंडिंग नाही, मॉनिटर सगळे पूर्ण. जुना ऑक्सिजन सेन्सर त्यांनी डिकीत एका फडक्यात बांधून ठेवला होता. तो ठेवून द्या म्हटलं, चांगला असणार.

एक गोष्ट अजून उघडी आहे. अर्थिंग सुधारल्यावर पंपाचा करंट क्लॅम्प मीटरवर मोजला, तो त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीपेक्षा थोडा जास्त आला. इतकी वर्षं कमी विजेवर आणि अर्ध्या सुक्या टाकीत घासल्याचा तो परिणाम असू शकतो, किंवा फिल्टर चोंदायला लागला असेल. आज बदलावा इतका नाही. टाकी पाव भागाच्या खाली जाऊ द्यायची नाही असं मामांना सांगितलंय, आणि पावसाळ्याआधी गेज परत लावायचा असं जॉब कार्डवर लिहून ठेवलंय.